मुखपृष्ठावरची होडी, मलपृष्ठावरचं गाव

संगीताच्या मासिकाचं मुखपृष्ठ कसं असावं, याचं एक तयार शास्त्र हल्ली जनसंज्ञापनाच्या वर्गांत शिकवतात. आधी गिऱ्हाईक ठरवायचं: त्याचं वय, त्याचा खिसा, त्याची आवड. मग त्याला भावेल असा एक चेहरा घ्यायचा, आणि तो सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघणारा हवा. मेटल ऐकणाऱ्या पोरांसाठी काळा-लाल रंग आणि ओरबाडलेली अक्षरं, पोक्त रसिकांसाठी जुना फोटो आणि भरपूर मोकळी जागा. मासिकाचं नाव वरच्या डाव्या कोपऱ्यात ठसठशीत, कारण स्टॉलवर अंक एकावर एक रचले की तेवढाच कोपरा उघडा राहतो. उदाहरणं ठरलेली: इंग्लंडची ‘केरँग!’, ‘क्यू’ आणि ‘एनएमई’, अमेरिकेचं ‘रोलिंग स्टोन’. निष्कर्षही ठरलेला. चित्र नजर पकडतं, नजरेमागून हात येतो आणि हातामागून पैसे.

हेच शास्त्र आता आपल्या किनाऱ्यावरही उतरलं आहे. कोळीगीताचा व्हिडिओ यूट्यूबवर चढवायचा असो, बेंजो पार्टीचा फलक रंगवायचा असो की गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका काढायची असो, करणारा पहिल्यांदा चित्र शोधायला बसतो. होडी, माड, मावळता सूर्य, कासोटा घातलेली कोळीण. गाणं कोणी म्हटलं आणि कोणी लिहिलं, हे शेवटी जागा उरली तर.

या मतात खरं काय आहे ते आधी मान्य करू. भाऊच्या धक्क्यावर रेवसची लाँच सुटायला पाच मिनिटं उरली आहेत, प्रवाशाला तासाभराचं वाचन हवं आहे, अशा वेळी स्टॉलवरचं रंगीत मुखपृष्ठ काम करतं. त्या प्रवाशाला त्या मासिकाशी आधीचं काही देणंघेणं नसतं, म्हणून चित्राला संधी मिळते. पण तो वाटसरू आहे. ज्याच्यासाठी संगीताचं मासिक, तबकडी किंवा कॅसेट निघते, तो श्रोता वेगळा. माझं म्हणणं असं की वाटसरूला चित्र थांबवतं आणि श्रोता नाव वाचून येतो. रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर तर ते नाव बऱ्याचदा माणसाचंही नसतं, गावाचं असतं.

पूर्वपक्षाचा सगळ्यात लाडका पुरावा अ‍ॅलेक्स स्टाइनवाइसचा आहे. अमेरिकेच्या कोलंबिया रेकॉर्ड कंपनीतला हा विशीतला कला-संचालक. तोवर तबकड्यांचे संच करड्या-तपकिरी पुठ्ठ्यांत विकले जात. स्टाइनवाइसने १९४० पासून त्यांवर चित्रं छापायला घेतली. बेथोव्हेनच्या ‘इरॉइका’ सिंफनीला नवं कव्हर मिळालं आणि विक्री ८९५ टक्क्यांनी वाढली, असं ‘न्यूजवीक’ने छापल्याचा दाखला डिझाइनवरची पुस्तकं एकमेकांतून उचलत आली आहेत. आकडा भलताच देखणा आहे. पण त्याच सुमारास भावांचं काय झालं होतं, हे त्यासोबत फारसं कोणी सांगत नाही. ऑगस्ट १९४० मध्ये कोलंबियाने शास्त्रीय संगीताच्या बारा इंची तबकडीचा भाव दोन डॉलरवरून एका डॉलरवर आणला, आणि प्रतिस्पर्धी व्हिक्टर कंपनीलाही भाव उतरवावे लागले. एक सिंफनी तेव्हा एका तबकडीत मावत नसे, चार-पाच तबकड्यांचा संच घ्यावा लागे. म्हणजे गिऱ्हाइकाचे एका खरेदीत चार-पाच डॉलर वाचू लागले. अशा काळात वाढलेली विक्री एकट्या चित्राच्या खात्यावर मांडता येत नाही. शिवाय मूळ विक्री लहान असली की टक्के फुगायला वेळ लागत नाही, हे कोणताही वाणी सांगेल. स्टाइनवाइसचं काम सुंदर होतं, यात वाद नाही. वाद त्याच्या नावावर जमा केलेल्या हिशेबाशी आहे.

आता आपल्याकडे या. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्यात आला आणि त्याने गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. तेव्हापासून जवळजवळ पन्नास वर्षं भारतात तबकडी विकली गेली ती साध्या कागदी पाकिटात. पाकिटाच्या मधोमध गोल भोक, त्यातून तबकडीचं लेबल दिसे. पाकिटावर कंपनीची जाहिरात, कुठे दुकानदाराचा पत्ता. गाण्याचं चित्र नाही, गायिकेचा चेहरा नाही. लेबलवर नाव, रागाचं किंवा नाटकाचं नाव, संपलं. बालगंधर्वांची पदं महाराष्ट्रभर घराघरांत गेली ती अशा भोकाच्या पाकिटांतून. गौहरजान तर गाणं संपताना स्वतःच इंग्रजीत आपलं नाव सांगत असे. तबकड्या दाबायला हानोव्हरला जात आणि तिथल्या कामगारांना लेबल लावताना घोटाळा होऊ नये, एवढंच त्यामागचं कारण. पण पुढे श्रोते तेही गाण्याचाच भाग म्हणून ऐकू लागले. मुखपृष्ठाशिवाय अर्धं शतक एवढा मोठा श्रोतृवर्ग तयार होऊ शकतो, ही गोष्ट वर्गातल्या शास्त्राला पचवता येत नाही.

कोणी म्हणेल, त्या काळातही एक चित्र होतंच की, कर्ण्यापाशी बसलेला कुत्रा. बरोबर. फ्रान्सिस बॅरॉडचं हे चित्र ग्रामोफोन कंपनीने १८९९ मध्ये विकत घेतलं, आणि आपल्याकडे माणसं दुकानात ‘कुत्रा छाप’ मागत. पण हे चित्र कोणत्या गिऱ्हाईकवर्गासाठी होतं? कीर्तन ऐकणाऱ्या आजोबांसाठी तोच कुत्रा, ठुमरी ऐकणाऱ्या शेटजींसाठी तोच, लावणीच्या शौकिनासाठीही तोच. दशकामागून दशकं तो बदलला नाही आणि त्याचं बळ त्या न बदलण्यात होतं. माल अस्सल असल्याची ती खूण होती. कोळीगीतांच्या कॅसेटवर कार्ल्याच्या एकवीरेचं चित्र असे, तेही मी याच रांगेत धरतो. आईचं चित्र पाहून कोळी-आगरी माणसाचा हात थांबतो हे खरं, पण ते चित्र त्याला नवं काही दाखवत नाही. त्याच्या देव्हाऱ्यात ते आधीपासून आहे. दर अंकाला नवा चेहरा आणि नवी गंमत हवी, या शिकवणीला ही दोन्ही चित्रं उलटी जातात.

किनाऱ्यावरचा सगळ्यात जुना छापील पुरावा मला बेने इस्रायलींच्या मराठी कीर्तनांत दिसतो. अलिबागच्या इस्रायल आळीत आणि आसपासच्या गावांत शेकडो वर्षं राहिलेला हा समाज. घाण्यावर तेल काढणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा, म्हणून ‘शनवार तेली’. यांतले पुष्कळजण एकोणिसाव्या शतकात मुंबईला गेले आणि तिथे १८८० च्या सुमारास त्यांनी आपली मराठी कीर्तनं सुरू केली. पूर्वरंग, आख्यान, साकी, दिंडी सगळं हरिदासी कीर्तनाचं, आणि कथा अब्राहाम, योसेफ, मोशे यांची. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे या कीर्तनकारांतलं मोठं नाव. ही आख्यानं छापून पुस्तकरूपाने निघाली. त्या काळच्या मराठी छापील पुस्तकाच्या दर्शनी पानाला चित्राची गरज वाटत नसे. आख्यानाचं नाव, कर्त्याचं नाव, छापखाना, साल, किंमत एवढ्यावर काम भागे. आता ‘अष्टमकर’ हे नाव वाचा. कुंडलिकेच्या काठचं, रोह्याला लागून असलेलं अष्टमी. किहीमचे ते किहीमकर, पेणचे पेणकर, नागावचे नागावकर, रोह्याचे रोहेकर. मुंबईत भायखळ्याला किंवा डोंगरीला राहणाऱ्या बेने इस्रायली माणसाला ‘अष्टमकर’ एवढी अक्षरं दिसली की हा आपला, आपल्या किनाऱ्याचा, याचं मराठी आपल्या घरातलं, हे कळायला दुसऱ्या कशाची गरज नव्हती. गिऱ्हाईक ‘ठरवण्याचं’ काम आडनावाने केव्हाच करून ठेवलेलं होतं.

हीच गोष्ट शंभर वर्षांनी कॅसेटवर दिसते, आणि इथे थोडं थांबून बघायला हवं, कारण पूर्वपक्षाची सारी भिस्त असल्या वेष्टणांवर आहे.

ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि भारतात गाण्याचा धंदा एका कंपनीच्या मुठीतून सुटला. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये ‘कॅसेट कल्चर’ हे पुस्तक लिहिलं ते उत्तर भारताविषयी, पण त्यातलं मुख्य निरीक्षण कोकणालाही लागू पडतं: भांडवल कमी लागू लागलं की छोट्या प्रदेशांची, छोट्या समाजांची गाणी बाजारात येतात. आगरी-कोळी गीतांचा बाजार असाच उभा राहिला. उरण, पेण, अलिबाग, मुरूडच्या बाजारपेठांत कॅसेटची दुकानं झाली. कॅसेटच्या डबीतला कागद तळहातापेक्षा लहान, त्यालाच धंद्यात ‘इनले’ म्हणत. दर्शनी भागावर बहुतेक तेच चित्र: शीड लावलेली होडी, जाळं, डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण. मागे आणि आतल्या घडीत बारीक अक्षरांत साईड ए, साईड बी, गाण्यांची नावं, गायक, गीतकार, संगीत.

आता सांगा, हे चित्र कोणासाठी होतं? थळच्या, वरसोलीच्या, आक्षीच्या, एकदऱ्याच्या कोळ्यासाठी नक्कीच नव्हतं. त्याला होडी दाखवून काय सांगायचं? यांत्रिक बोटीवर ज्याची हयात गेली त्याला चित्रातलं पांढरं शीड बघून हसू येणार. शिवाय सगळ्याच कॅसेटवर होडी असेल तर एक कॅसेट दुसरीहून वेगळी कशी ओळखायची? दुकानात कोळीवाड्यातलं गिऱ्हाईक विचारी ते असं: हळदीची आहे का? कोणी गायलीय? कुठली मंडळी? या प्रश्नांची उत्तरं चित्रात नसतात. ती अक्षरांत असतात, आणि अक्षरांतही गावाच्या नावात. त्या काळी किनाऱ्यावर वाजलेलं एक नाव घ्या: ‘वेसावकर आणि मंडळी’ यांची ‘वेसावची पारू’. मंडळीच्या नावात वेसावे, कॅसेटच्या नावातही वेसावे. वेसावे मुंबईच्या उपनगरातलं, रायगडात नाही, तरी रायगडच्या हळदींत ही गाणी वाजली, कारण वेसाव्याची कोळी मंडळी काय गात असतील याचा किनाऱ्यावरच्या माणसाला अंदाज होता. गावाच्या नावावर त्याने विश्वास टाकला.

मग होडीचं चित्र कशासाठी? माझा तर्क असा की ते दादरच्या गिऱ्हाइकासाठी होतं, आणि त्याहून जास्त खुद्द विक्रेत्यासाठी. शेकडो कॅसेट फळीवर लावताना ही भक्तिगीतांच्या रांगेत, ती लावण्यांच्या, ही कोळीगीतांच्या, एवढं एका नजरेत कळावं. दुकानदाराला रांग दाखवणारी ती पाटी. श्रोत्याला बोलावण्याचं काम तिने केलं असं म्हणणं म्हणजे एसटीच्या पाटीमुळे माणसं गावाला जातात असं म्हणण्यासारखं आहे.

याच्या उलट बाजूचं उदाहरणही हेच सांगतं. शांता शेळके यांनी लिहिलेली आणि हृदयनाथ मंगेशकरांनी चाली दिलेली कोळीगीतं, ‘मी डोलकर’ त्यांतलंच, ही कोळीवाड्याबाहेरच्या अवघ्या मराठी घरांत गेली. गीतकार कोळी नाहीत, संगीतकार कोळी नाहीत. तिथे गावाच्या नावाचा उपयोग नव्हता, म्हणून व्यक्तीच्या नावाने काम केलं: लता मंगेशकर, हेमंतकुमार. श्रोता बदलला तसं नाव बदललं. चित्र दोन्हीकडे दर्याचंच राहिलं असतं, तरी काही बिघडलं नसतं.

आणि धवलारणीचं काय? आगरी लग्नात धवले म्हणणारी बाई कोणत्या मुखपृष्ठावर असते? तिला घरच्या बायका नावाने आणि गावाने बोलावतात. किनाऱ्यावरच्या संगीताची ही मूळ रीत आहे, आणि छापील कागद आला तेव्हा त्याने तीच रीत उचलली.

आता खास मासिकांकडे वळू. मराठीत संगीताचं मासिक म्हटलं की अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं ‘संगीत कला विहार’ आठवतं. बी. आर. देवधरांच्या संपादनाखाली ते नावारूपाला आलं. विष्णु दिगंबर पलुसकर १९३१ मध्ये गेले, त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ काढलं. गावोगावची परीक्षा केंद्रं, गायनवर्ग, विशारद आणि अलंकार होणारे विद्यार्थी, त्यांचे गुरुजी: मासिकाचा वाचक या जाळ्यातच होता. अंक पोस्टाने घरी येई. असा वाचक मुखपृष्ठ बघून मासिक घेत नाही, वर्गणी भरून घेतो, आणि वर्गणी भरतो ती आत बंदिश कोणती, लेख कोणाचा यासाठी. इंग्लंडमध्ये कॉम्प्टन मॅकेंझी यांनी १९२३ मध्ये सुरू केलेलं ‘द ग्रामोफोन’ हेही गंभीर श्रोत्यांच्या अशाच बांधील वर्गावर उभं राहिलं. वर्गांतल्या उदाहरणांत ही मासिकं येत नाहीत, कारण ती आली तर सिद्धान्त मोडतो.

‘एनएमई’ येतं, पण त्याचा शेवट येत नाही. १९५२ पासून चाललेल्या या साप्ताहिकाचे विकत घेणारे वीस हजारांच्याही खाली आले, तेव्हा सप्टेंबर २०१५ पासून ते फुकट वाटायला सुरुवात झाली. फुकट झाल्यावर तीन लाखांहून अधिक प्रती हातोहात गेल्या, आणि तरी मार्च २०१८ मध्ये छापील अंक बंद पडला. मुखपृष्ठं करणारे हात तेच कसबी होते. नवं गाणं कुठलं हे सांगण्याचं ज्या नावाकडे काम होतं, ते काम फोनने घेतलं, आणि कितीही देखणं मुखपृष्ठ त्याला वाचवू शकलं नाही.

‘रोलिंग स्टोन’च्या २२ जानेवारी १९८१ च्या अंकाचा दाखला मात्र गांभीर्याने घ्यायला हवा. अ‍ॅनी लीबोविट्झने टिपलेला जॉन लेनन आणि योको ओनो यांचा फोटो, वर मासिकाचं नाव आणि बाकी एकही मथळा नाही. अमेरिकी मासिकांच्या संपादकांनी २००५ मध्ये चाळीस वर्षांतलं सर्वोत्तम मुखपृष्ठ म्हणून त्याची निवड केली. नुसतं चित्र बोललं, असं म्हणतात. पण लेननचा खून ८ डिसेंबर १९८० ला झाला होता आणि फोटो त्याच दिवशीचा होता, हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. मथळा छापायची गरज नव्हती, कारण तो प्रत्येक वाचकाच्या मनात आधीच छापलेला होता. नाव इतकं भरलेलं असेल तेव्हाच चित्र एकटं उभं राहू शकतं.

मराठीत याहून वेगळं एक प्रकरण आहे, दीनानाथ दलालांचं. मडगावात जन्मलेल्या या चित्रकाराने १९४५ मध्ये स्वतःचं ‘दीपावली’ हे नियतकालिक काढलं. दलालांच्या स्त्रिया घरोघरी चौकटीत लागल्या. इथे मुखपृष्ठाने वाचक आणला हे मी नाकारत नाही, पण कसा आणला? लोक दलालांचं चित्र घ्यायला येत. ते चित्र हाच माल होता, मालाकडे बोट दाखवणारी खूण नव्हती. आणि ‘दलाल’ ही कोपऱ्यातली सही पुन्हा नावच. शास्त्रीय संगीताचा रसिक, गृहिणी, शाळकरी पोरगा असे गट पाडून दलालांनी ब्रश उचलला असता तर त्यांतलं एकही चित्र झालं नसतं.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. नाव छापायचं म्हणजेही अक्षराची जाडी, वळण, जागा ठरवावी लागते, तीही रचनाच. मान्य. मी रचनेच्या विरुद्ध नाहीच. माझा वाद रचनेच्या क्रमाशी आहे. नावाला सगळ्यात चांगली जागा, ठळक आणि वाचता येईल असं देवनागरी, आणि उरलेल्या जागेत चित्र, असा क्रम लावणारा डिझायनर मला हवा. आज यूट्यूबवर कोळीगीत शोधणारा माणूस काय टाइप करतो ते बघा: गायकाचं नाव, ‘हळदी’, ‘आगरी कोळी’. अंगठ्याच्या नखाएवढ्या चित्रात होडी दिसतच नाही, खालची अक्षरं दिसतात. चढवणाऱ्यांनाही हे कळलं आहे, म्हणून शीर्षकात तीन-तीन नावं कोंबलेली असतात. चित्राचं शास्त्र शिकवणाऱ्यांच्या आधी धंद्याने हा धडा घेतला.

चित्राला मोठं मानण्याचा तोटा मात्र होऊन गेला आहे. दर्शनी जागा होडीने खाल्ली की गीतकाराचं नाव बारीक होतं, मग गळतं, आणि त्याच्या जागी ‘पारंपरिक’ असा एक सोयीचा शब्द बसतो. ढोलकी कोणी वाजवली, बेंजो कोणाचा, कोरसमधल्या बायका कुठल्या गावच्या, हे सांगणारा दुसरा कागद बहुधा नसतो. म्हणून किनाऱ्यावरच्या वाचकांना एक विनंती. घरात माळ्यावर, जुन्या टेपरेकॉर्डरच्या खोक्यात कोळीगीतांच्या, धवल्यांच्या, भजनांच्या कॅसेट पडल्या असतील. फीत बुरशीने गेली असेल तर जाऊ द्या, पण डबीतला कागद फेकू नका. तो उलगडून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि कागदावर नसलेली नावं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून, गावासकट, शेजारी लिहून ठेवा.